मोठ्या कॅलिपरचा मोह

अमेरिकेत जुन्या डॅटसन २४०झेडच्या पुढच्या ब्रेकांवर एक ठरलेला उपाय कित्येक वर्षं चालत आला आहे. टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर आणायचे आणि मूळच्या दोन पिस्टनच्या कॅलिपरच्या जागी ते चढवायचे. बोल्टांची भोकं जुळतात, डिस्कमागचा धूळ अडवणारा पत्रा थोडा कापावा किंवा वाकवावा लागतो, ब्रेक ऑइलची नळी नव्याने वळवून घ्यावी लागते, आणि हात बसलेला माणूस एका सुट्टीच्या दिवसात दोन्ही बाजू उरकतो. त्या कॅलिपरच्या बिडावर ओतलेला ‘एस१२+८’ हा क्रमांक या गाडीच्या मालकांना तोंडपाठ असतो. काम सोपं आहे, खर्च बेताचा आहे, आणि चाकाच्या फटीतून दिसणारा भला मोठा कॅलिपर पाहून मालक खूश होतो. माझा आक्षेप कामावर नाही, त्यामागच्या कारणावर आहे. ‘गाडी लवकर थांबावी म्हणून’ हे काम करायला लोक येतात. या कॅलिपरमुळे गाडी लवकर थांबेलच असं नाही. टायर जुन्या जातीचे असतील तर ती थोडी उशिरा थांबण्याचीच शक्यता जास्त.

मुळात ही गाडी ब्रेकांच्या बाबतीत दरिद्री नव्हती. १९६९ च्या अखेरीस जपानमध्ये ती ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आली आणि लगोलग अमेरिकेत ‘२४०झेड’ म्हणून उतरली. २३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, वजन टनाच्या किंचित वर, किंमत ३,५२६ डॉलर. डॅटसन बनवणाऱ्या निस्सानच्या अमेरिकेतल्या व्यवसायाचे प्रमुख युताका कातायामा यांनी ही गाडी तिथे लोकप्रिय केली. त्यांना या गाडीचे जनक म्हणतात, ते त्यामुळेच. पुढे २७१ मिमी व्यासाच्या भरीव डिस्क, मागे कंगोरे असलेले अॅल्युमिनियमचे ड्रम, मदतीला व्हॅक्युमचा बूस्टर आणि दोन स्वतंत्र सर्किटं असलेला मास्टर सिलिंडर. त्या काळातल्या कितीतरी महागड्या युरोपीय स्पोर्ट्स गाड्यांच्या पंगतीला बसेल अशी ही मांडणी होती. याच गाडीने १९७१ आणि १९७३ सालची पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली जिंकली. दुसऱ्या खेपेला चालक होता युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा शेखर मेहता. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही, कारण रॅलीच्या गाड्या कारखान्याने वेगळ्या तयार केलेल्या असतात. पण ‘सत्तरच्या दशकातली गाडी म्हणजे ब्रेक नावालाच’ असं जे सरसकट बोललं जातं, ते या गाडीला लागू पडत नाही.

आता मूळ मुद्दा. ब्रेक चाकाला थांबवतो आणि गाडीला टायर थांबवतो. सगळ्यांना माहीत असलेली ही गोष्ट पैसे खर्च करायची वेळ आली की सगळे विसरतात. टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीपलीकडे कोणताही कॅलिपर एक किलोचंही बळ रस्त्यावर उतरवू शकत नाही. कोरड्या, रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर मध्यम वेगात पेडल जोरात दाबलं आणि पुढची चाकं जाम होऊन टायर किंचाळले, तर त्याचा अर्थ एकच: आहे तो ब्रेक टायरला पुरून उरतो आहे. सुस्थितीतल्या २४०झेडमध्ये हे सहज घडतं. १०० किमी वेगावरून गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मंदगतीने थांबायला साधारण ४९ मीटर लागतात, ०.९ पटीने थांबायला ४४. या ५ मीटरच्या फरकात एक अख्खी गाडी मावते. तो फरक टायरचं रबर आणि रस्त्याचा पृष्ठभाग पाडतात. त्या गणितात पिस्टन किती आहेत हा आकडा कुठेच येत नाही. दोन पिस्टन चाक जाम करू शकत असतील, तर चार पिस्टन ते अधिक जाम करू शकत नाहीत.

मग मोठे ब्रेक असतात कशासाठी? उष्णतेसाठी. ब्रेक हे गतीची उष्णता करणारं यंत्र आहे आणि ती उष्णता साठवायला जागा लागते. चालकासकट गाडीचं वजन ११५० किलो धरलं, तर १०० किमी वेगावरून थांबताना सुमारे ४४४ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. १६० वरून थांबायचं तर ११३६. म्हणजे वेग दीडपटीच्या थोडा वर गेला की ऊर्जा अडीचपट होते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर येतो आणि एक डिस्क ५ किलोची आहे असं मानलं, तर १०० वरून एकदा थांबल्यावर ती ६५ ते ७० अंशांनी तापते, १६० वरून थांबल्यावर १७० अंशांच्या आसपास. एकदा थांबण्यासाठी हे काहीच नाही. प्रश्न पुन्हा पुन्हा थांबण्याचा आणि लांबच लांब उताराचा आहे. लॉस एंजेलिसच्या डोक्यावर माउंट विल्सनपासून एंजेलिस क्रेस्ट महामार्गाने ला कॅन्याडापर्यंत खाली यायचं तर हजार मीटरहून जास्त उतरावं लागतं. ११५० किलोची गाडी हजार मीटर खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती १६० वरून दहा वेळा थांबण्याइतकी असते. त्यातला काही वाटा वारा आणि इंजिन उचलतं, पण गिअर वरचा ठेवून नुसत्या पेडलवर उतरणाऱ्याच्या गाडीत बराचसा वाटा डिस्कच उचलते. बोरघाट उतरणाऱ्या लादलेल्या ट्रकच्या मागे काच खाली करून गेलेल्या कोणालाही तापलेल्या ब्रेकचा वास ओळखता येईल. लगुना सेकासारख्या ट्रॅकवर, जिथे सरळ पट्ट्यातला सगळा वेग पहिल्या मोठ्या वळणापाशी टाकून द्यावा लागतो आणि दीड-दोन मिनिटांनी पुन्हा तेच करावं लागतं, तिथेही भरीव डिस्क थकतात. पॅड पकड सोडतं, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं.

आणि नेमकं इथेच त्या लोकप्रिय बदलाचं बिंग फुटतं. एस१२+८ कॅलिपर बसतो तो मूळच्या भरीव डिस्कवरच. डिस्क तीच, तिचं वजन तेच, तिला मिळणारा वारा तोच. म्हणजे उष्णता साठवण्याची ताकद होती तेवढीच राहिली. पॅडचं क्षेत्रफळ वाढल्यामुळे पॅड जास्त दिवस टिकतं आणि त्याच्यावरचा ताण थोडा पसरतो, हे खरं. पण डिस्क एकदा तापली की कॅलिपर कितीही पिस्टनचा असला तरी तो त्याच तापलेल्या लोखंडाला चिमटा घेत असतो. उष्णतेवरचा खरा उपाय म्हणजे मधून हवा खेळणारी, जाड, जड डिस्क. त्यासाठी त्याच टोयोटा घराण्यातला रुंद कॅलिपर, एस१२डब्ल्यू, आणि नंतरच्या पिढीतल्या ३००झेडएक्सची डिस्क असा संच लोक बसवतात. तेव्हा हब आणि डिस्क यांच्यामध्ये स्पेसर लागतो, चाकाच्या आतल्या बाजूला कॅलिपर घासतो का ते बघावं लागतं, आणि काम एका दिवसाचं राहत नाही. म्हणून बहुतेक जण सोपा अर्धा भाग करतात आणि अवघड अर्धा सोडून देतात. सोडलेल्या अर्ध्यातच सगळा फायदा होता.

तोट्याची बाजू याहून महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. २४०झेडचा व्हीलबेस २३०५ मिमी आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर आणि उभ्या गाडीचं वजन पुढे ५२, मागे ४८ टक्के असं धरून चालू. ०.८ च्या ब्रेकिंगमध्ये आणखी १७ टक्के वजन पुढे सरकतं आणि पुढच्या चाकांवर ६९ टक्के भार येतो. म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकांची वाटणी जवळपास ७० आणि ३० असली की चारही टायर आपापल्या कुवतीइतकं काम करतात. कारखान्याने केलेली वाटणी साधारण अशीच होती असं मानू. आता फक्त पुढे बदल करून तिथला जोर एक पंचमांशाने वाढवला. वाटणी झाली ७४ आणि २६. पुढची चाकं आधी जाम होण्याच्या बेताला येतात, तेव्हा मागची अजून हातभर राखून काम करत असतात. ०.८ पकडीच्या रस्त्यावर चाकं जाम न होता आधी ०.७९ पर्यंत जाता येत होतं, ते आता ०.७४ वर अडतं. १०० वरून थांबायला ५० मीटर लागत होते, तिथे ५३ लागतात. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली की हाच फरक सहा-सात मीटरचा होतो, कारण पावसात वजन कमी सरकतं आणि मागच्या चाकांनी जास्त काम करायला हवं असतं, तेव्हाच आपण त्यांच्याकडून काम काढून घेतलेलं असतं. माझे आकडे अंदाजाचे आहेत. गाडीची उंची, टायर, सामान बदललं की तेही बदलतील. दिशा मात्र बदलणार नाही. समान टायर ठेवून पुढचा जोर वाढवणं म्हणजे मागच्या दोन टायरांना रजा देणं.

यावर जाणकार लगेच एक उत्तर देतात, आणि ते उत्तर चांगलं आहे. गाडी नवी असताना तिच्यावर १७५ रुंदीचे १४ इंची टायर होते. आज चालवणारे लोक रुंद आणि कितीतरी चिकट टायर लावतात. पकड १.० च्या घरात गेली की वजन जास्त सरकतं, आणि पुढच्या चाकांवरचा भार ७४ टक्क्यांपर्यंत जातो. अशा टायरांवर कारखान्याची ७०:३० वाटणी उलटी अंगाशी येते: मागची चाकं आधी जाम होतात, गाडीचं शेपूट फिरू लागतं, आणि ०.९३ च्या वर जाता येत नाही. तिथे पुढचा जोर एक पंचमांशाने वाढवला तर गाडी सरळ राहते आणि तीनेक मीटर आधी थांबते. ही गोष्ट मी पूर्ण मान्य करतो. किंबहुना माझं म्हणणं यानेच पक्कं होतं. पुढचा कॅलिपर चांगला की वाईट याचं उत्तर कॅलिपरमध्ये नाही, टायरमध्ये आहे. टायर आधी ठरवायचे, मग ब्रेकांची वाटणी त्यांच्या मापाने शिवायची. दहा-पंधरा वर्षांचे कडक झालेले टायर ठेवून कॅलिपर बदलणाऱ्याला वरचं उत्तर वापरता येणार नाही. शिवाय ट्रॅकवर १.० देणारा तो चिकट टायर पावसात पुन्हा अर्ध्यावर येतो, तेव्हा ७४:२६ वाल्याला पुढची चाकं जाम होण्याची तयारी ठेवावीच लागते. एवढं एक बरं की पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी सरळ जाते, मागची आधी झाली तर गरगर फिरते. म्हणून कारखाने नेहमी पुढच्या बाजूला थोडं झुकतं माप देतात. तेवढ्यावर आणखी किती झुकवायचं, हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो. कॅलिपर बदललेला प्रत्येक जण शपथेवर सांगतो की गाडीचे ब्रेक आधीपेक्षा फार सुधारले. तो खोटं बोलत नसतो. पण बदलापूर्वीची गाडी कशी होती हे पाहायला हवं. पन्नास वर्षांच्या कॅलिपरमध्ये निदान एखादा पिस्टन गंजून अडकलेला असतो. दाबल्यावर तो थोडासाच पुढे येतो आणि सोडल्यावर मागे जात नाही. जुन्या रबरी होज पाइपचं अस्तर आतून सुजतं: पेडल दाबताना ऑइल जातं, सोडताना परत यायला वेळ लावतं, आणि गाडी एका बाजूला ओढते. बाहेरून होज अगदी नवा दिसतो, त्यामुळे दोष कॅलिपरच्या माथी येतो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषत राहतं. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, पण पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. पुढच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये सैलपणा असला की डिस्क किंचित डुलते आणि पॅडांना मागे ढकलते, मग पहिल्या दाबाला पेडल अर्ध्यापर्यंत रिकामं जातं. मागचे ड्रम वर्षानुवर्षं उघडलेले नसतात, लायनर सेट केलेले नसतात, त्यामुळे मागचा ब्रेक लागायच्या आधीच पेडलचा बराच प्रवास संपतो. कॅलिपर बदलायला घेतला की यातल्या निम्म्या गोष्टी आपोआप नव्या होतात: नवा होज, नवं ऑइल, नवे पॅड, घासून किंवा बदलून सरळ झालेली डिस्क, पॅक केलेलं बेअरिंग. श्रेय मात्र चार पिस्टनांना मिळतं. न्याय्य तुलना करायची तर एकीकडे नव्याने सील घातलेले मूळ कॅलिपर आणि वरची सगळी कामं, दुसरीकडे टोयोटाचे कॅलिपर आणि तीच कामं, अशी करावी लागेल. असा मुकाबला फार थोडे लोक करतात, कारण पहिल्या पर्यायात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

तरी पेडलचा स्पर्श बदलतो हे खरं आहे आणि त्याचं कारण साध्या हायड्रॉलिक्समध्ये आहे. नव्या कॅलिपरच्या पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ जुन्यापेक्षा जास्त असेल, तर तेवढ्याच पायाच्या जोराला पकड जास्त मिळते, पण ऑइलही जास्त लागतं. पेडल हलकं होतं आणि लांब जातं. कोणाला हे ‘जोरदार ब्रेक’ वाटतं, कोणाला ‘पेडल स्पंजासारखं झालं’ वाटतं. दुसऱ्या गटातला माणूस मग हवा राहिली असेल म्हणून पुन्हा पुन्हा ब्लीडिंग करत बसतो. (कधी कधी हवा खरंच राहिलेली असते. उजवा कॅलिपर डावीकडे बसवला की ब्लीड निपल खालच्या टोकाला येतो, आणि वरची हवा जन्मभर निघत नाही. निपल वरच हवा.) पेडल लांब गेल्याच्या तक्रारीवर २८०झेडएक्सचा मास्टर सिलिंडर लावतात. मूळचा ७/८ इंच बोअरचा, हा १५/१६ चा. बोअरचं क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं, म्हणून पेडलचा प्रवास १३ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. त्याच वेळी त्याच पायाच्या जोराला मिळणारा दाबही तेवढाच घटतो. म्हणजे कॅलिपर बदलून जो हलकेपणा विकत घेतला, त्यातला बराचसा मास्टर सिलिंडर बदलून परत केला. दोन्ही खर्च करून पेडल जवळपास मूळ जागी आलं. उरलं काय, तर पुढे झुकलेली वाटणी. मास्टर सिलिंडर बदलून ती वाटणी सुधारत नाही, कारण तो दोन्ही सर्किटांना सारखाच दाब देतो.

वाटणी सुधारण्यासाठी हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा व्हॉल्व्ह मागच्या सर्किटचा दाब कमी करू शकतो. वाढवू शकत नाही. पुढचे ब्रेक वाढवल्यावर आपली अडचण मागे दाब कमी पडण्याची आहे, आणि त्यावर दाब आणखी कमी करणारं यंत्र लावायचं म्हणजे तहानलेल्याच्या पाण्याला तोटी बसवण्यासारखं झालं. मूळचा व्हॉल्व्ह काढून त्याजागी तो बसवला आणि पूर्ण उघडा ठेवला, तर थोडा उपयोग होतो. खरा उपाय मागच्या ड्रममध्ये जास्त पकडीचे लायनर किंवा थोडा मोठा व्हील सिलिंडर हा आहे. कमी खर्चाचा, न दिसणारा, म्हणून न केला जाणारा. मागेही डिस्क लावणं हा आणखी पुढचा मोह. ड्रममधला पुढचा लायनर फिरत्या ड्रमच्या ओढीने आपणच आणखी दाबला जातो, डिस्कला ती मदत मिळत नाही. त्यामुळे नीट हिशेब न करता ड्रमच्या जागी डिस्क लावली तर मागचा ब्रेक वाढण्याऐवजी घटतो, आणि हँडब्रेकचं झेंगट वेगळंच. दिसायला मात्र सुंदर.

भोकं पाडलेल्या डिस्कबद्दल एक वाक्य पुरे. रस्त्यावरच्या गाडीत त्या भोकांचा उपयोग डिस्कचं वजन, म्हणजे उष्णतेची कोठी, कमी करण्यापुरता होतो, आणि तापून गार होताना चिरा पडायला सुरुवात होते ती त्या भोकांच्या कडेपासूनच.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याच्यापुढे मी माघार घेतो. जुन्या मूळ कॅलिपरच्या बिडाला गंजून खड्डे पडलेले असले, तर सील बदलून भागत नाही. चांगले मूळ कॅलिपर मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे, तर टोयोटाच्या पिकअपचे कॅलिपर लाखांनी बनलेले, सहज मिळणारे, सुटे भाग मिळणारे. ज्याचा मूळ कॅलिपर मेलेला आहे त्याने टोयोटाचा लावावा, माझी हरकत नाही. फक्त तो लावताना पिस्टनांचा व्यास मोजावा, क्षेत्रफळाचा हिशेब करावा आणि पुढे किती झुकलं हे कागदावर पाहावं. फरक कमी करायचा असेल तर पुढे जरा सौम्य जातीचं पॅड निवडता येतं. पॅड हा वाटणी बदलण्याचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित मार्ग आहे. उलट, ट्रॅकसाठीचं पॅड रोजच्या गाडीत घालणाऱ्याला सकाळच्या पहिल्या सिग्नलवर थंड पॅड काय करतं ते कळेलच. ते पॅड तापल्यावर चावतं आणि ऑफिसच्या रस्त्यावर ते कधी तापतच नाही.

चौथा आक्षेप सुरक्षेच्या भाषेत येतो: आजच्या रस्त्यावर पुढची गाडी एबीएसवाली असते, ती आपल्यापेक्षा आधी थांबते, मग आपले ब्रेक मोठे नकोत का? पुढची गाडी आधी थांबते ती तिचे टायर रुंद आणि ताजे असल्यामुळे, आणि तिचं एबीएस प्रत्येक चाकाला जाम होण्याच्या काठावर धरून ठेवतं म्हणून. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये एबीएस येत नाही. तो पेडल हलकं करतो, आणि घाबरलेल्या पायाखाली हलकं पेडल म्हणजे चाक लवकर जाम. जुन्या गाडीच्या मालकाने आधुनिक गाड्यांच्या रांगेत दोन गोष्टी कराव्यात: अंतर ठेवावं आणि टायर ताजे ठेवावेत. यातली पहिली फुकट आहे.

एवढं सगळं म्हटल्यावर, मोठे पुढचे ब्रेक कोणी लावावेत? जो वर्षातून अनेकदा ट्रॅकवर जातो, ज्याचे टायर चिकट आहेत, ज्याने इंजिनची ताकद वाढवली आहे, त्याने जरूर लावावेत. पण मग हवेशीर डिस्कसकट, मागच्या बाजूचा हिशेब करून, डिस्कवर वारा आणणाऱ्या नळीसकट, वरच्या दर्जाच्या ऑइलसकट. अर्धा बदल करू नये. जो महिन्यातून एक-दोनदा डोंगरात फिरून येतो, त्याने मूळ कॅलिपर उतरवून स्वच्छ करावेत, नवे सील, नवे होज, दर दोन वर्षांनी ऑइल, मागचे ड्रम उघडून सेट केलेले, बेअरिंगची चाल तपासलेली, आणि उताराला खालचा गिअर. या गाडीचे मूळ ब्रेक एवढ्यावर अजूनही समाधान देतात. पैसे उरले तर ते चार टायरांवर घालावेत.

तेव्हा कॅलिपरची ऑर्डर देण्याआधी टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांमागे असलेले शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ते वर्ष दहा वर्षांहून जुनं असेल, तर आधी टायर घ्या. कॅलिपरचं पुढच्या वर्षी बघू.